इन्सुलिनचा निरोप नेमका कुठे अडतो? फॅटी लिव्हरवरच्या एका गाजलेल्या पेपरचं वाचन

समजा, दोन माणसं आहेत. दोघांच्याही रक्तात इन्सुलिन भरपूर आहे, पण ते हवं तसं काम करत नाही. दोघांचाही दोष जन्मजात, एकेका जनुकातल्या एकेका बदलामुळे आलेला. पहिल्याचा बिघाड इन्सुलिन येऊन चिकटतं त्या रिसेप्टरमध्ये आहे. दुसऱ्याचा बिघाड त्याच वाटेवर थोडा पुढे, पेशीच्या आत, एकेटी२ नावाच्या एन्झाइममध्ये आहे. आता सांगा, फॅटी लिव्हर कोणाला होईल?

बहुतेक जण म्हणतात, "दोघांनाही." कारण इन्सुलिन रेझिस्टन्स आणि फॅटी लिव्हर जोडीनं येतात हे आपण एम.एस्सी.पासून ऐकत आलोय. थोडं जास्त वाचलेले म्हणतात, "पहिल्याला जास्त, कारण त्याचा दरवाजाच बंद आहे." खरं उत्तर असं, की पहिल्याचं यकृत जवळपास स्वच्छ असतं, ट्रायग्लिसराइडही कमी असतं. चरबी साठते ती दुसऱ्याच्या यकृतात.

हे उत्तर ज्या पेपरनं दिलं तो २००९ साली जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशनमध्ये आला. पहिलं नाव रॉबर्ट सेम्पल यांचं, शेवटची दोन नावं स्टीफन ओ'राहिली आणि डेव्हिड सॅव्हेज यांची, म्हणजे केंब्रिजचा गट. पीएच.डी.च्या मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकानं हा पेपर वाचावा असं मला वाटतं. पण वाचावा म्हणजे मान डोलवत वाचावा असं नाही. त्यात एक भाग इतका पक्का आहे की त्याला हात लावायला जागा नाही, आणि दुसरा भाग असा आहे की रिव्ह्यू पेपरमधल्या आकृत्यांनी त्याला लायकीपेक्षा जास्त वजन दिलंय. हे दोन भाग वेगळे करणं एवढंच इथे करायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. जेवल्यावर इन्सुलिन यकृताला दोन कामं सांगतं. एक, स्वतः ग्लुकोज बनवणं थांबव. दोन, आलेल्या साखरेची चरबी करून ठेव. या दुसऱ्या कामाला डी नोव्हो लिपोजेनेसिस म्हणतात, साखरेपासून नव्यानं चरबी घडवणं. आता टाइप २ डायबिटीस असलेल्या माणसाचं यकृत इन्सुलिनचं ऐकत नाही असं आपण म्हणतो. तसं असेल तर दोन्ही कामं बिघडायला हवीत: ग्लुकोज बनत राहील, पण चरबी बनणं कमी होईल. प्रत्यक्षात ग्लुकोज बनत राहतं आणि चरबीही जोरात बनते. २००८ साली मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी सेल मेटाबॉलिझममध्ये हा पेच नीट मांडला. त्यांचं म्हणणं असं की यकृत पूर्ण बहिरं झालेलं नसतं. एक आज्ञा ऐकू येत नाही, दुसरी येते. याला निवडक रेझिस्टन्स म्हणतात. त्यांचा आधार मात्र उंदरांचा होता.

मग प्रश्न उरला तो माणसांचा. माणसात रिसेप्टर बंद पाडायचा प्रयोग करता येत नाही, पण निसर्गानं तो आधीच करून ठेवलाय. इन्सुलिन रिसेप्टरच्या जनुकात म्युटेशन घेऊन जन्मलेली माणसं फार थोडी असतात. त्यांच्या मानेवर आणि काखेत त्वचा काळसर, मखमलीसारखी जाड होते, रक्तातलं इन्सुलिन प्रचंड चढलेलं असतं, आणि तीव्र प्रकारांत मूल फार दिवस जगत नाही. सेम्पल आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांमध्ये रक्तातले मेद तपासले, चुंबकीय अनुनाद स्पेक्ट्रोस्कोपीनं यकृतातली चरबी मोजली, नवी चरबी किती वेगानं बनते तेही पाहिलं. ट्रायग्लिसराइड कमी, एचडीएल ठीक, यकृतात चरबी कमी, आणि लिपोजेनेसिसचा वेग त्यांच्याच शब्दांत आश्चर्य वाटावा इतका कमी.

इथे थांबून एक गोष्ट बघा, कारण पेपरमधली माझी सगळ्यात आवडती खेळी हीच आहे. जनुकाच्या दोषावर नेहमीचा आक्षेप असतो: हे माणूस गर्भापासून असंच वाढलंय, शरीरानं कुठेकुठे जुळवून घेतलंय कोण जाणे, मग जे दिसतंय ते रिसेप्टर नसल्याचा परिणाम की आयुष्यभराच्या जुळवाजुळवीचा? लेखकांनी हा आक्षेप चर्चेच्या परिच्छेदात शब्दांनी झटकला नाही. त्यांनी दुसरा गट घेतला, ज्यांचं जनुक अगदी ठीक आहे पण मोठेपणी शरीरानं इन्सुलिन रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या आणि रिसेप्टर अडवला. दोष वारशानं आलेला नाही, उशिरा आलेला आहे, आणि तरी चित्र तेच: कमी ट्रायग्लिसराइड, स्वच्छ यकृत. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलं की निष्कर्षावर विश्वास बसतो. तुमच्या संशोधन प्रस्तावात "कंट्रोल" या मथळ्याखाली काय लिहायचं असा प्रश्न पडला तर हा गट आठवा.

तर पहिला निष्कर्ष असा, की माणसाच्या यकृतात इन्सुलिनच्या जोरावर चरबी बनायला रिसेप्टर चालू असावा लागतो. दरवाजा पूर्ण बंद असेल तर दोन्ही आज्ञा बाहेरच राहतात. यावर मला काही म्हणायचं नाही. जवळजवळ काही नाही म्हणूया. एक मुद्दा पुढे येईल.

आता दुसरी बाजू. २००४ साली याच केंब्रिजच्या गटानं सायन्समध्ये एका कुटुंबाची नोंद केली होती. एका तरुण, लठ्ठ नसलेल्या बाईला तिशीत डायबिटीस झाला. तिच्या एकेटी२ जनुकात २७४ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन सापडलं. तेच तिच्या आईत, आजीत आणि मामात. दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली, तरी रोग दिसतो, कारण बिघडलेलं प्रथिन नुसतं निकामी नसून चांगल्या प्रथिनाच्याही कामात अडथळा आणतं. अशा म्युटेशनला डॉमिनंट निगेटिव्ह म्हणतात. ही संज्ञा पाठ असते सगळ्यांना; ती इथे का महत्त्वाची आहे ते जरा पुढे.

२००९च्या पेपरमध्ये या एकेटी२ दोषाकडे पाहिलं तर चित्र बरोबर उलटं निघालं. लिपोजेनेसिस वाढलेलं, यकृतात चरबी जास्त, ट्रायग्लिसराइड चढलेलं, एचडीएल खाली. म्हणजे आपल्याला रोज ओपीडीत दिसणाऱ्या मेटाबॉलिक सिंड्रोमचीच आवृत्ती. लेखकांनी निष्कर्ष काढला की रिसेप्टरच्या पुढे, अर्धवट झालेला बिघाड हा फॅटी लिव्हरच्या घडणीतला कळीचा घटक आहे.

वाचताना हे इतकं सुबक बसतं की माणूस पुढच्या पेपरकडे वळतो. वळू नका. कागद घ्या आणि वाट काढा. इन्सुलिन, रिसेप्टर, आयआरएस, पीआय३के, मग एकेटी. एकेटीच्या पुढे दोन फाटे. एक फाटा फॉक्सओ१ कडे: एकेटी त्याला फॉस्फेट लावून केंद्रकाबाहेर ठेवतं, म्हणून ग्लुकोज बनवणारी जनुकं शांत होतात. दुसरा फाटा एमटॉर-सी१ मार्गे एसआरइबीपी-१सी कडे: तो चरबी बनवणारी जनुकं चालू करतो. २०१० साली ली, ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी उंदीरवर्गातल्या मोठ्या जातीच्या, म्हणजे रॅटच्या यकृतात दाखवलं की रॅपामायसिन दिलं तर चरबीची आज्ञा अडते, ग्लुकोजची अडत नाही. फाटा आहे, आणि तो एकेटीच्या पुढे आहे.

मग दोष जर एकेटीमध्ये असेल, म्हणजे फाट्याच्या अलीकडे, तर निवडक बिघाड होईलच कसा? गावाबाहेर रस्ता अडवला तर दोन्ही वाड्यांची एस.टी. बंद होते. एकीचीच बंद झाली असेल तर अडथळा फाट्याच्या पलीकडे असणार, किंवा दुसऱ्या वाडीला जायला आणखी एखादी वाट असणार. पेपरमध्ये दिलेली माहिती ही गाठ सोडवत नाही. एकेटी२ बिघडल्यावर चरबी वाढते हे निरीक्षण झालं. "कारण बिघाड निवडक आहे" हे त्याचं एक स्पष्टीकरण झालं. दोन्ही एकाच वाक्यात आल्यामुळे एकच वाटतात.

सुटण्याच्या वाटा आहेत. यकृतात एकेटी१ सुद्धा असतं, ते थोडा भार उचलत असेल. किंवा दोन फाट्यांना लागणारा जोर वेगळा असेल: चरबीच्या आज्ञेला मंद निरोपही पुरत असेल आणि ग्लुकोजच्या आज्ञेला खणखणीत लागत असेल. दोष अर्धवट, इन्सुलिन मात्र कित्येक पटींनी वाढलेलं, तर मंद निरोप सतत जात राहणार. मला हे दुसरं स्पष्टीकरण पटण्यासारखं वाटतं, आणि लेखकांच्या "अर्धवट" या शब्दात ते दडलेलंही आहे. पण मग सिद्ध करायचा मुद्दा बदलला ना? मग दोष रिसेप्टरच्या पुढे आहे की मागे याला महत्त्व नाही. तो पूर्ण आहे की अपुरा याला आहे. रिसेप्टरचाच थोडासा दोष असलेल्या, अजून बरंच इन्सुलिन ऐकू येणाऱ्या माणसाच्या यकृतात काय होतं, हा मग खरा निर्णायक प्रश्न ठरतो. रिसेप्टरचे तीव्र दोष आणि एकेटी२ चा अर्धवट दोष समोरासमोर ठेवले की जागा आणि तीव्रता या दोन्ही गोष्टी एकदम बदलतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे आपण बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला शिकलेलो असतो.

गंमत म्हणजे उंदरांनी त्याच वर्षी उलटी साक्ष दिली. लेव्हन्स, बर्नबॉम आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्येच सेल मेटाबॉलिझममध्ये दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या फक्त यकृतातून एकेटी२ काढून टाकलं तर यकृतातली चरबी कमी होते. माणसात एकेटी२ बिघडलं तर वाढते, उंदरात काढलं तर घटते. सेमिनारमध्ये असा विरोध आला की "स्पीशीजचा फरक आहे" म्हणून पुढची स्लाइड लावतात. हे उत्तर आळशी आहे. फरक आधी प्रयोगात शोधा, प्राण्यात नंतर.

प्रयोगातले फरक दोन. पहिला: उंदरात जनुक नाहीसं केलं, माणसात ते बिघडलेलं आहे. नसणं आणि बिघडलेलं असणं एक नाही. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सिग्नलिंगच्या बाहेरचं आहे. पीएनपीएलए३ या जनुकातला १४८ व्या जागचा बदल २००८ साली डॅलस हार्ट स्टडीतून पुढे आला. ज्यांच्या दोन्ही प्रतींत तो आहे त्यांच्या यकृतात तो नसलेल्यांच्या दुपटीहून जास्त चरबी. मग उंदरातून हे जनुक काढलं, तर काहीच झालं नाही, फॅटी लिव्हर नाही. नेमका तोच बदल उंदराच्या जनुकात घातला आणि साखर भरपूर खायला दिली, तेव्हा चरबी साठली. बिघडलेलं प्रथिन मेदाच्या थेंबावर ठाण मांडून बसतं. नसलेलं प्रथिन कुठे बसणार? एकेटी२ चा बदल डॉमिनंट निगेटिव्ह आहे हे वर म्हटलं ते याचसाठी. नॉकआउट म्हणजे म्युटेशन नव्हे, हे एवढं जरी मुलाखतीत स्वच्छ सांगता आलं तरी समोरचा कान टवकारतो.

दुसरा फरक मला जास्त मोठा वाटतो. उंदरात फक्त यकृतातलं एकेटी२ गेलं. त्या कुटुंबात मात्र प्रत्येक पेशीत दोष आहे, चरबीच्या पेशींतही. आणि यकृतातली चरबी यकृतातच बनते असं कोणी सांगितलं? डॉनेली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये फॅटी लिव्हर असलेल्या ९ जणांमध्ये लेबल लावलेले मेद वापरून हिशेब मांडला होता. यकृतातल्या ट्रायग्लिसराइडपैकी सुमारे ५९ टक्के रक्तातून आलेली फॅटी ॲसिडं, म्हणजे मुख्यतः शरीरातल्या चरबीच्या साठ्यातून सुटलेली. सुमारे २६ टक्के नव्यानं बनलेली. सुमारे १५ टक्के जेवणातून. लिपोजेनेसिसचा वाटा निरोगी माणसापेक्षा खूप वाढलेला असतो, हे खरं. पण निम्म्याहून जास्त माल बाहेरून येतो. इन्सुलिन चरबीच्या पेशींना सांगतं, "साठा सोडू नका." ते त्यांनी ऐकलं नाही तर सुटलेली चरबी थेट यकृताच्या दारात.

या पेपरमध्येच त्याची खूण आहे. तिसरा गट लिपोडिस्ट्रॉफीचा, म्हणजे ज्यांच्या अंगावर चरबी साठवायला जागाच नाही अशांचा. त्यांच्यातही एकेटी२ वाल्यांसारखंच चित्र दिसलं. लेखकांनी ते निवडक रेझिस्टन्सच्या बाजूनं मोजलं. मला ते विरुद्ध बाजूचाही साक्षीदार वाटतं. लिपोडिस्ट्रॉफीत मूळ अडचण साठ्याची आहे, आणि एकेटी२ दोष असलेल्या त्या बाईच्या अंगावरची चरबीही कमीच होती. मग दोन्हींत समान काय, यकृतातला फाटा की कोठाराची टंचाई?

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम इथे आठवतं. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांनी आणि जॉन युडकिन यांनी आपलेच दोन फोटो छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. एकाच आकड्यामागे दोन वेगळी शरीरं. चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे ठेवलीय हा प्रश्न आपल्याकडे दुर्मिळ म्युटेशनपुरता उरत नाही. म्हणूनच यकृताकडे बघताना यकृतातच अडकून पडलेली आकृती मला खटकते.

आता वर राखून ठेवलेला मुद्दा, रिसेप्टरच्या बाजूचा. रिसेप्टरचा दोष असलेल्यांमध्ये ॲडिपोनेक्टिन हे हॉर्मोन चढलेलं असतं. हे याच गटानं आधी दाखवलंय. बाकी सगळ्या इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये ते घटतं, इथेच उलटं. आणि ॲडिपोनेक्टिन यकृतातली चरबी कमी करतं. म्हणजे या माणसांचं यकृत स्वच्छ राहायला दोन कारणं उभी आहेत: इन्सुलिनची आज्ञा पोचत नाही हे एक, आणि चरबीच्या पेशी सतत संरक्षक हॉर्मोन सोडतायत हे दुसरं. लिपोजेनेसिस प्रत्यक्ष मोजल्यामुळे पहिलं कारण भक्कम आहे. दुसऱ्याचा वाटा किती, ते या मांडणीतून वेगळं काढता येत नाही. निष्कर्ष पडत नाही यामुळे. फक्त त्याची कड थोडी बोथट होते.

माणसं किती, हा आक्षेप मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलाय, कारण तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा आहे. जर्नल क्लबमध्ये कोणीतरी "एन फार लहान आहे" म्हणतोच. अहो, जगात असे रुग्णच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एका कुटुंबातून आलेला दोष असेल तर खरी काळजी संख्येची नाही, एकाच घरातल्या माणसांनी वाटून घेतलेल्या बाकीच्या जनुकांची आणि ताटातल्या जेवणाची आहे. तो प्रश्न विचारा. आणि लेखकांना श्रेयही द्या: शीर्षकात त्यांनी "हातभार लावतो" अशा अर्थाचं सौम्य क्रियापद वापरलंय. सारांशात ते "कळीचा घटक" झालं, आणि पुढच्या रिव्ह्यूंमध्ये एक जाड बाण.

गेल्या काही वर्षांत चित्र आणखी गुंतलंय. डायर्क१बी या कायनेजमधला बदल २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला, इराणमधल्या तीन मोठ्या कुटुंबांतून, ज्यांच्यात कमी वयातला हृदयविकार, पोटाचा लठ्ठपणा आणि डायबिटीस एकत्र चालत आले होते. २०२२ मध्ये त्याच गटानं उंदरांच्या यकृतात हे प्रथिन वाढवलं, तर लिपोजेनेसिस वाढलं, यकृताला सूज आली, आणि हे सगळं एमटॉर-सी२ मार्गे, नेहमीच्या इन्सुलिन वाटेला वळसा घालून. शिवाय त्यात प्रथिनाची कायनेज म्हणून असलेली क्षमता लागतच नव्हती. म्हणजे त्या क्षमतेवर नेम धरणारं औषध इथे लागू पडेल असं धरून चालता येत नाही. तेवढ्यात हेही विचारून घ्या: प्रथिन जास्त असणं आणि बदललेलं असणं, यात पुन्हा तोच फरक नाही का?

केंब्रिजच्या त्या प्रश्नाचा निकाल लावायचा तर मी दोन गोष्टी मागेन. एक, २७४ व्या जागचा तोच बदल, एकाच प्रतीत, आणि फक्त यकृतात असलेला उंदीर. शेजारी तोच बदल फक्त चरबीच्या पेशींत असलेला. दुसरी, डॉनेलींच्या पद्धतीनं केलेला हिशेब एकेटी२ दोष असलेल्या माणसांमध्ये: यकृतातल्या शंभर भागांतले किती तिथेच बनले आणि किती बाहेरून आले. पहिल्या उंदराचं यकृत स्वच्छ निघालं आणि दुसऱ्याचं भरलं, तर निवडक रेझिस्टन्सची आकृती पुन्हा काढावी लागेल.